मोबाइलला रेंज नसताना ठावठिकाणा कसा कळवायचा? हॅम रेडिओवरची 'एपीआरएस' पद्धत, सोप्या भाषेत

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला पोलिसांनी ताब्यात घेतलं. तिच्या सामानात सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं तळहाताएवढं यंत्र होतं. परदेशात डोंगर भटकणारी माणसं ते सर्रास खिशात ठेवतात. आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगलं की गुन्हा. पुढे मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवरून ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या. ट्रेकला जाणाऱ्यांना प्रश्न पडणं साहजिक आहे. सॅटेलाइटचं यंत्र चालत नाही, बहुतेक वॉकीटॉकींना परवाना लागतो, मोबाइलला रेंज नाही. मग सह्याद्रीत आत शिरलेल्या माणसाने आपण कुठे आहोत हे कळवायचं तरी कसं?

याला एक कायदेशीर आणि तीसेक वर्षं मुरलेलं उत्तर आहे. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, ते वापरतात. नाव एपीआरएस, पूर्ण नाव ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम. उत्तर अर्धंच आहे हे आधीच सांगतो. उरलेलं अर्धं कुठे अडलंय ते पुढे येईलच.

हॅम म्हणजे कोण?

सरकारची परीक्षा देऊन, स्वतःचं परवाना-नाव घेऊन, पैसे न कमावता रेडिओ प्रसारण करणारा माणूस म्हणजे हॅम. त्या परवाना-नावाला कॉलसाइन म्हणतात. भारतातल्या कॉलसाइनची सुरुवात बहुधा 'व्हीयू'ने होते. जगात एका कॉलसाइनचा माणूस एकच, त्यामुळे हवेत कोण बोललं हे लगेच कळतं. हॅम मंडळींना फ्रिक्वेन्सीचे काही ठरावीक पट्टे वापरायला मिळतात. त्यातला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा हातातल्या छोट्या सेटवर, त्यांच्या भाषेत 'हँडी'वर, सहज चालतो. आजचा विषय बहुतेक याच पट्ट्यातला आहे.

आवाजातून अक्षरं

हँडी बनवलेली असते बोलण्यासाठी. तिच्यातून माहिती पाठवायची तर माहितीचा आवाज करावा लागतो. एपीआरएसमध्ये दोनच सूर वापरतात, एक १२०० हर्ट्झचा आणि एक २२०० हर्ट्झचा. सूर बदलला की एक अर्थ, तोच चालू राहिला की दुसरा. बस, शून्य आणि एक तयार. सेकंदाला असे १२०० बिट जातात. कानाला ऐकू येतं ते अर्ध्या-पाऊण सेकंदाचं 'ब्ररर्प'. ज्यांनी डायल-अप इंटरनेट वापरलंय त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल, आणि तो भास नाही. ही सुरांची जोडी टेलिफोनच्या जुन्या मोडेमवरूनच उचललेली आहे.

या एका 'ब्ररर्प'मध्ये जे जातं त्याला पॅकेट म्हणतात. पॅकेट म्हणजे पोस्टकार्ड समजा. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, कोणत्या मार्गाने पुढे जावं हे असतं, आणि थोडासा मजकूर असतो. जागा तुटपुंजी. पाकीट नाही, त्यामुळे वाटेत कोणीही वाचू शकतं. आणि पोचलं की नाही याची पावती साध्या कार्डाला नसते.

आता कार्ड जवळ घेऊन वाचू. पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक छोटा आकडा असतो: ७ म्हणजे हातातला सेट, ९ म्हणजे गाडी, १३ म्हणजे हवामान केंद्र. एकाच माणसाची तीन यंत्रं असली तरी घोळ होत नाही. मग ठिकाण येतं. पुण्यातल्या एखाद्या जागेसाठी '१८३१.२०' असं काहीतरी दिसेल. वाचायचं असं: १८ अंश, ३१.२० मिनिटं उत्तर. त्यापुढे तशाच पद्धतीने पूर्व रेखांश. मिनिटाचा शंभरावा भाग जमिनीवर साधारण १८ मीटर भरतो, म्हणजे तुम्ही कोणत्या सोंडेवर आहात हे कळतं. कोणत्या झाडाखाली आहात हे कळत नाही. ठिकाणासोबत एक चिन्ह असतं. बाण असेल तर नकाशावर मोटार उमटते, आडवी रेघ असेल तर घर. पूर्वी पत्राचा कोपरा फाडलेला दिसला की आत काय आहे ते वाचायच्या आधीच कळायचं, तसंच हे एक अक्षर बघून बाकीचं यंत्र काय समजायचं ते समजतं. शेवटी १६ बिटांचा पडताळा असतो. वाटेत एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी घेणारं यंत्र अख्खं कार्ड टाकून देतं. अर्धवट वाचून अंदाज लावायचा नाही, हा नियम. चुकीच्या दरीत शोधपथक पाठवण्यापेक्षा काहीच न कळलेलं बरं.

हे सुचलं कोणाला?

तारेशिवाय, एकाच वाहिनीवर, पाळी न ठरवता सगळ्यांनी पॅकेट पाठवायची, ही कल्पना अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातली. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. हौशी मंडळींत पहिली पॅकेट १९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये गेली. पुढे अमेरिकेतल्या टूसॉनमधल्या हौशी गटाने घरी जोडता येईल असं यंत्र काढलं आणि १९८०च्या दशकात पॅकेट रेडिओ पसरला. लोकांच्या घरी इंटरनेट यायला अजून अवकाश होता, तेव्हा ही मंडळी रेडिओवरून एकमेकांच्या संगणकात निरोप ठेवून येत होती.

याच मंडळींच्या उत्साहाची एक जमीनजुमल्यासारखी खूण मागे राहिली. १९८१ मध्ये ४४ने सुरू होणारे सगळे इंटरनेट पत्ते, १ कोटी ६७ लाखांच्या वर, हौशी रेडिओच्या वापरासाठी मिळाले. तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हतं. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा अ‍ॅमेझॉनला विकला गेला, १० कोटी डॉलरहून जास्त किमतीला, आणि त्या पैशातून आता हौशी डिजिटल प्रयोगांना अनुदानं मिळतात. रेडिओच्या छंदातून पैसा मिळाल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव मोठं उदाहरण.

एपीआरएस मात्र बॉब ब्रुनिंगा यांचं. ते अमेरिकेच्या नौदल अकादमीत होते, कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर. १९८४ मध्ये १०० मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कोणता घोडा कुठे पोचला हे दाखवायला त्यांनी व्हीआयसी-२० या घरगुती संगणकावर कार्यक्रम लिहिला. पुढे जीपीएस हाताशी आलं आणि १९९२ मध्ये पद्धतीला आजचं रूप आलं.

त्यांनी केलेला बदल छोटा वाटतो, पण सगळी गंमत त्यात आहे. जुन्या पॅकेट रेडिओत दोन यंत्रं आधी एकमेकांशी जोडणी करत, मग प्रत्येक पॅकेटची पोच देत-घेत. बातमी दोघांतच राहायची. ब्रुनिंगांनी जोडणीच काढून टाकली. मी इथे आहे, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं. ज्याला ऐकू आलं त्याच्या नकाशावर ठिपका उमटला. चुकलं तर चुकलं, दोन मिनिटांनी पुन्हा सांगूच. गाड्यांचा माग काढायचं साधन म्हणून एपीआरएसकडे बघू नका, असं ते २०२२ मध्ये जाईपर्यंत सांगत राहिले. आसपास आत्ता काय चाललंय हे परिसरातल्या प्रत्येकाला दिसावं, हा त्यांचा हेतू होता. कोण कुठे आहे, पाऊस किती पडला, कोणत्या वाहिनीवर बोलणं चालू आहे, कोणाला काय हवंय, सगळं एकाच नकाशावर.

डोंगर हवा

हातातल्या सेटची लहर साधारण सरळ रेषेत जाते. दोन माणसं सपाट मैदानात उभी असतील तर पृथ्वीच्या गोलाईमुळे दहाएक किलोमीटरनंतर एकमेकांना दिसेनाशी होतात. शहरात इमारतींमुळे दोन-तीन किलोमीटरही पुष्कळ. पण समजा सिंहगडाच्या माथ्यावर एक यंत्र ठेवलं. गड आसपासच्या जमिनीपेक्षा साधारण ७५० मीटर उंच. तिथून रेडिओची नजर कागदावर ११० किलोमीटरपर्यंत पोचते. खालच्या हँडीने दिलेलं कार्ड त्या यंत्राने ऐकलं आणि लगेच पुन्हा जोरात वाचून दाखवलं, की अर्ध्या जिल्ह्याला कळलं. अशा यंत्राला डिजिपीटर म्हणतात, हॅमच्या तोंडी नुसतं 'डिजी'.

एका डिजीने ऐकलेलं दुसऱ्याने ऐकलं, त्याने पुन्हा म्हटलं, ते पहिल्याने पुन्हा ऐकलं, असा गोंधळ होऊ नये म्हणून कार्डावर किती हात बदलायचे तो आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक डिजी तो एकाने कमी करतो, आपलं नाव जोडतो आणि पुढे देतो. शून्य झालं की थांबायचं. थोड्या वेळापूर्वी आपणच म्हटलेलं कार्ड परत आलं तर डिजी ते सोडून देतो.

सह्याद्रीत याची दुसरी बाजूही दिसते. माथ्यावरचा माणूस शंभर किलोमीटरवर ऐकू जाईल, पण त्याच गडाच्या पोटातल्या घळीत उतरला की डिजीला त्याचा पत्ता लागणार नाही. घाटमाथ्यावरून कोकणात उतरताना कड्याची भिंत मध्ये आली की तीच गत. ट्रेकला हे यंत्र नेलं म्हणजे सुटका पक्की, असं कोणी सांगत असेल तर त्याने घळ बघितलेली नाही. मात्र शेवटचा ठिपका कुठल्या धारेवर उमटला होता एवढं कळलं, तरी शोधाचं क्षेत्र कितीतरी आवळतं.

सगळ्यांची वाहिनी एकच

नवख्याला पटायला सर्वात अवघड जाते ती ही गोष्ट. एपीआरएससाठी भागाभागात एकच वाहिनी ठरलेली असते: उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, युरोपात १४४.८००, भारतातले बहुतेक हौशी १४४.३९० धरतात. सगळे तिथेच बोलणार आणि तिथेच ऐकणार. त्यामुळे गावात नवखा आला तरी कोणती वाहिनी म्हणून विचारावं लागत नाही. पण जागा तेवढीच.

थोडा हिशेब करू. सेकंदाला १२०० बिट म्हणजे १५० अक्षरं. पत्ते, मार्ग, मजकूर धरून कार्ड ८० अक्षरांचं असेल तर अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर. सेट चालू होऊन स्थिर व्हायला आणखी पाव-एक सेकंद. म्हणजे एका कार्डाला एक सेकंद धरायला हरकत नाही. मिनिटाला ६० कार्डं जावीत की मग? जात नाहीत. पाळी ठरलेली नसेल तर दोघं एकदम बोलतात आणि दोन्ही वाया जातात. अब्रॅमसन यांनीच दाखवून दिलं होतं, की न बघता बोलायची पद्धत असेल तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. मिनिटाला अकरा कार्डं. त्यातलं प्रत्येक कार्ड डिजी त्याच वाहिनीवर पुन्हा म्हणणार, म्हणजे मूळची पाच-सहा. प्रत्येकाने दोन मिनिटांनी एकदा सांगायचं ठरवलं तर दहा-बारा गाड्यांतच वाहिनी भरली!

प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही, कारण यंत्रं बोलायच्या आधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकतात. तरी डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या गाड्यांना एकमेकींचा आवाज येत नाही, माथ्यावरच्या डिजीला मात्र दोघींचाही येतो. दोघींना वाटतं रस्ता मोकळा आहे, आणि डिजीच्या कानात दोन्ही एकदम आदळतात. तिथे एफएमचा स्वभाव आड येतो: जोरदार आवाज हळू आवाजाला गिळतो. हमरस्त्यावरची ५० वॅटची गाडी जंगलातल्या ५ वॅटच्या हँडीला नेमकी नको तेव्हा झाकून टाकते.

म्हणून शिस्त लागते. उभ्या गाडीने अर्ध्या तासात एकदा बोललं तरी पुरे. चालत्या गाडीसाठी वेग आणि वळण बघून वेळ ठरवणारी सोय असते: सरळ महामार्गावर थोड्या-थोड्या वेळाने, वळणावर लगेच, सिग्नलला थांबल्यावर जवळपास गप्प. घरी बसून दर दहा सेकंदांनी 'मी घरीच आहे' असं सांगणारा एक माणूस अख्ख्या शहराची वाहिनी खाऊ शकतो. असा माणूस प्रत्येक शहरात एक तरी निघतो.

नकाशावरचे ठिपके बघून फसू नका

एपीआरएसची पॅकेट इंटरनेटवरही जातात. एखाद्याच्या गच्चीवरचं यंत्र रेडिओवर ऐकलेली कार्डं इंटरनेटच्या सर्व्हरला देतं. त्याला आयगेट म्हणतात. फिनलंडमधून चालणाऱ्या 'एपीआरएस डॉट एफआय' या संकेतस्थळावर जगभरचे ठिपके हलताना दिसतात. महाराष्ट्रावर बोट ठेवा, तिथेही काही दिसतील.

आता जरा बारकाईने बघा. ठिपक्यावर टिचकी मारली की ते कार्ड कोणत्या मार्गाने आलं ते दिसतं. पुष्कळदा मार्गात एकही डिजी नसतो, कारण ते फोनवरच्या अ‍ॅपने मोबाइल डेटावरून थेट सर्व्हरला दिलेलं असतं. रेडिओत ते कधी गेलेलंच नसतं. प्रयोग म्हणून ठीक आहे, मीही करतो. पण ज्या दिवशी टॉवर पडेल त्या दिवशी हे ठिपके टॉवरसोबत जातील. आपल्याकडे अर्धं उत्तर अडलंय ते इथे. यंत्र मिळतं, माहिती मिळते, परवानाही मिळतो. माथ्यावर वीज, अँटेना आणि पावसाळ्यात वर चढून ते बघणारा माणूस, हे तिन्ही एकत्र मिळत नाही. नकाशा भरलेला दिसला की ही उणीव झाकली जाते, आणि मला खटकतं ते हेच.

पण हे सगळं फोन करतोच की?

करतो, टॉवर उभा असेपर्यंत. जून २०२०च्या ३ तारखेला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वीज गेली, टॉवर बंद पडले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांशी काही दिवस संपर्क नव्हता. मुंबईत बसलेल्या चाकरमान्यांना श्रीवर्धन-दिवेआगरच्या घरचं छप्पर राहिलं का एवढंही कळत नव्हतं. २६ जुलै २००५ला मुंबईत फोन असून लागत नव्हते, कारण सगळे एकदम लावत होते.

अशा वेळी उंचावरचा, सोलर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा एक डिजी आणि खाली दोन-चार हँडी एवढ्यावर काम भागतं. मध्ये कंपनी नाही, सर्व्हर नाही. एपीआरएसवर ६७ अक्षरांपर्यंतचा निरोपही पाठवता येतो, आणि ठिकाणाच्या कार्डाला नसली तरी निरोपाला पोच असते: पोच येईपर्यंत यंत्र काही वेळा पुन्हा पाठवतं. ६७ अक्षरांत 'पाणी वाढलं, ४० माणसं शाळेत, दोन रुग्ण, रस्ता बंद' एवढं मावतं. फोटो मावत नाही, व्हिडिओ तर नाहीच.

इथे आपल्याला एक गोष्ट नडते. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन अक्षरांची जागा घेतं. 'पाणी वाढलं' एवढं देवनागरीत लिहिलं तर २८ जागा लागतात. रोमनमध्ये लिहिलं तर ११. वर बहुतेक हँडीच्या छोट्या पडद्यावर देवनागरी उमटतच नाही. त्यामुळे घाईच्या वेळी मराठी निरोप रोमन लिपीतच जातो. एखाद्या कॉलेजच्या पोरांनी यावर छोटा संकेत बसवला तर बरं होईल; नेहमीच्या पंचवीस-तीस निरोपांना आकडे दिले, आणि ते आकडे सगळ्यांना कळतील असे जाहीर ठेवले, तरी पुरे. जाहीर का, ते पुढे.

म्हणजे मी कुठे आहे हे सगळ्यांना कळणार?

हो. हौशी रेडिओत अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांनीच मनाई आहे. पोस्टकार्ड पोस्टमनने वाचलेलं चालतं हे धरूनच लिहायचं असतं. एपीआरएसचं कार्ड तर इंटरनेटवर गेलं की साठून राहतं: तुम्ही रोज किती वाजता निघता, गाडी रात्री कुठे उभी असते, घराला कुलूप कधी असतं, सगळं.

उपाय साधे आहेत. घराजवळ बीकन, म्हणजे आपोआप ठिकाण सांगणं, बंद ठेवा. घरच्या केंद्राचं ठिकाण मुद्दाम ढोबळ द्या. शेवटचे आकडे मोकळे सोडायची सोय पद्धतीतच आहे. मुलाच्या दप्तरात किंवा वाद असलेल्या कोणाच्या गाडीत हे यंत्र ठेवू नका. आणि धंद्यासाठी तर नकोच. कुरिअरच्या गाड्या किंवा दुकानाचा माल यावर दाखवायला परवाना नाही. हौशी पट्टा कमाईसाठी नाही.

आकाशातला डिजी

डोंगर जितका उंच तितका पल्ला मोठा, हे धरून पुढे गेलं की माणूस आपोआप उपग्रहापाशी पोचतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १४५.८२५ मेगाहर्ट्झचा डिजी बसवलेला आहे. स्थानक ४०० किलोमीटरवरून जातं, डोक्यावरून गेलं तर दहाएक मिनिटं ऐकू येतं, आणि तेवढ्या वेळात पुण्यातलं कार्ड कोलंबोत वाचता येतं.

भारतानेही हे केलंय. १ एप्रिल २०१९ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी४५ रॉकेटचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर कक्षेत कामाला ठेवला गेला, आणि त्यावर अ‍ॅमसॅट इंडिया या हौशी संस्थेचं एपीआरएस यंत्र होतं. त्याच टप्प्यावर इस्रोचं जहाजं ओळखायचं यंत्रही होतं. दोन्ही शेजारी असणं मला भारी वाटतं, कारण मुंबई बंदरात येणारी जहाजं 'मी अमुक, इथे आहे, इतक्या वेगाने चाललोय' असं जे सतत सांगतात ते याच जातीच्या छोट्या पॅकेटमधून.

पुण्याचा मान त्याआधीचा. अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला किलोभर वजनाचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४मधून गेला. हॅम मंडळींचा निरोप एका जागी घ्यायचा, पोटात साठवायचा आणि पृथ्वीवरच्या दुसऱ्या जागेवरून जाताना द्यायचा, यासाठी तो घडवला होता. डिजीला डोंगर मिळत नाही तर पोरांनी डोंगरच वर पाठवला.

परवान्याशिवायची लोरा यंत्रं आहेत, मग हे कशाला?

मेशटॅस्टिक नावाची छोटी यंत्रं हल्ली बरीच दिसतात. त्यातलं रेडिओचं तंत्र म्हणजे लोरा: अगदी सावकाश बोलून कमी ताकदीत लांब पोचायचं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक ताकदीपर्यंत परवाना लागत नाही, निरोप कुलूपबंदही पाठवता येतो आणि फोनशी जोडून मराठीतही लिहिता येतं. ट्रेकच्या दहा जणांच्या गटाला हे जास्त सोयीचं आहे, असं माझं मत. एपीआरएसवाल्यांना ते आवडत नाही, पण खरं आहे.

फरक पडतो तो गट सोडून बाहेर पोचायचं असतं तेव्हा. हौशी पट्ट्यात ताकद जास्त वापरता येते, उंचावर मोठी अँटेना लावता येते, आणि ऐकणारा कोण हे कॉलसाइनवरून कळतं. अडचणीच्या वेळी समोर शिकलेला माणूस असतो, तुमचं कार्ड वाचून तो त्याच सेटवर तुमच्याशी बोलू शकतो. दोन्ही ठेवायला हरकत कसली?

एक सावधगिरी मात्र हवी. एपीआरएस आणि लोरा यांचा मेळ घालणारी तयार यंत्रं युरोपातल्या ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर लावून येतात. भारतात हौशींना मिळालेला पट्टा ४३४ ते ४३८चा. बाहेरून मागवलेलं यंत्र आहे तसं चालू केलं तर परवाना असूनही तुम्ही नियमाबाहेर.

सुरुवात कुठून?

परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून जातो. वय किमान १२. रेडिओचं प्राथमिक विज्ञान आणि नियम एवढ्यावर पहिला, रिस्ट्रिक्टेड दर्जा मिळतो. त्यावरच्या जनरल दर्जाला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची लिपीही यावी लागते. शहरातल्या कुठल्याही हॅमला गाठलं तर तो पुस्तकापासून अर्जापर्यंत मदत करतो. या जमातीला नवा माणूस दिसला की राहवत नाही.

परवाना हातात आला की लगेच बीकन लावू नका. गच्चीवर साधी अँटेना, तिला जोडलेली हँडी, जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर 'ब्ररर्प'ची अक्षरं करणारा डायर वुल्फ हा फुकट मिळणारा कार्यक्रम, आणि आठवडाभर नुसतं ऐका. मोबाइल डेटा बंद ठेवून. आठवड्यात एकही 'ब्ररर्प' आला नाही, तर तुमच्या टापूत अजून डिजी नाही. मग हँडी घेऊन जवळच्या टेकडीवर चढा आणि वरून कोणकोण ऐकू येतं ते टिपून आणा. डिजी कुठे बसवायचा याची पहिली यादी अशीच तयार होते, आणि त्या यादीत सोलर पॅनेल चोरीला न जाणारी, म्हणजे देवळाची किंवा शाळेची, गच्ची सगळ्यात वर ठेवा.